बागेच्या बाजूनं सही करू का? विस्थापितांच्या घरांचं आरक्षण बदलतंय, सल्ला हवा

चिटणीसबाई

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

मी पुण्याच्या पश्चिमेला राहते. १९९७ साली महापालिकेत जी २३ गावं आली त्यातलं आमचं एक. आता गाव म्हणायला एक गावठाण आणि एक म्हसोबा उरलाय, बाकी सोसायट्याच. अशा अकरा सोसायट्यांच्या महासंघाची मी मानद सचिव. मानद म्हणजे पगार शून्य आणि बोलणी भरपूर. बँकेतून निवृत्त झाल्यावर 'तुम्हाला कागदपत्रांची सवय आहे' असं म्हणून गळ्यात घातलेलं काम आहे हे.

आमच्या मागे पत्रे मारलेला एक भूखंड आहे. आत बाभळी, पावसाळ्यात कमरेएवढा टाकळा, आणि रात्री कोणीतरी ओतून गेलेला राडारोडा. विकास आराखड्यात त्यावर विस्थापितांसाठी घरांचं आरक्षण आहे, एचडीएच म्हणतात ते. आजवर तिथं एक वीट लागलेली नाही. आता एमआरटीपी या नगररचनेच्या कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची जाहीर नोटीस आली आहे: घरांऐवजी उद्यान. हरकती-सूचना महिनाभरात द्यायच्या.

महासंघानं पाठिंब्याच्या पत्राचा नमुना छापला. नाव, फ्लॅट नंबर, सही, बस्स. रविवारी क्लब हाऊसमध्ये टेबल टाकलं तर दुपारपर्यंत गठ्ठा जमला. त्या नमुन्यातलं एक वाक्य असं आहे: 'सदर जागेवर पुनर्वसन झाल्यास परिसरातील पायाभूत सुविधांवर असह्य ताण येईल.' आमच्या शेजारी नुकतेच बावीस मजल्यांचे दोन टॉवर उभे राहिले. तेव्हा कोणाला ताण आठवला नव्हता. उलट आपल्या फ्लॅटचा भाव वाढला म्हणून ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते.

भूखंडाच्या पलीकडे ओढा आणि ओढ्याला लागून वस्ती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याच्या पुरानं शहरात जे केलं त्यानंतर आमच्याही ओढ्याकाठी पाहणी झाली, दारांवर लाल रंगानं नंबर पडले. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या दारावर आहे तो नंबर. म्हणजे उद्या विस्थापित कोण होणार हे दारावर लिहिलेलं आहे, त्यांची घरं कुठं व्हायची ते नकाशावर लिहिलेलं आहे, आणि दोन्हींत अंतर एका ओढ्याचं. मधे आमच्या सह्यांचा गठ्ठा.

अडचण अशी की मी सचिव आहे. सभासदांचं बहुमत स्पष्ट आहे आणि मी ते पोचवायला बांधील आहे. बागही काही वाईट गोष्ट नाही, आमच्याकडे मुलांना खेळायला पार्किंगशिवाय जागा नाही हे खरं. लोकांना विचारून नियोजन करा असं मी स्वतः वर्षानुवर्षं ओरडत आलेय. सहभागी अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून भरून बाकडी आणि दिवे मिळवलेत. आता लोकांना विचारलंय, आणि लोकांनी जे सांगितलं ते मला गिळवत नाहीये. सही करू का नको, आणि नको तर सचिव म्हणून काय करू?

स्पष्टवक्ता

करून टाका. लोकशाही आहे ना? मग हजार लोक बाग म्हणत असतील तर बाग. तुम्हाला निकाल आवडला नाही म्हणून प्रक्रिया चुकीची ठरत नाही.

आणि गरिबांचा कळवळा मलाही आहे, पण पुनर्वसनाच्या इमारती आतून पाहिल्यात का? मी पाहिल्यात, इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे. दोन विंगमधून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या खिडकीला लागतो. लिफ्ट बंद, कारण देखभालीचे पैसे कोणी भरायचे हे ठरलेलंच नसतं. टाकी वर आहे आणि पाणी खाली. चौथ्या मजल्यावर हंडे चढवणाऱ्या बाईला विचारा, वस्ती बरी होती म्हणेल. असली घरं बांधण्यापेक्षा बाग परवडली. संध्याकाळी त्याच मावशींची नातवंडंही तिथंच खेळतील.

चिटणीसबाई

खेळतील? आमच्या शेजारच्या बागेत फाटकावर पहारेकरी 'कुठल्या सोसायटीचे' म्हणून विचारतो. बाग पालिकेची आहे.

इमारतींबद्दल मात्र वाद घालत नाही. पाहिल्यात मीही.

जुना आरेखक

चिटणीसबाई, नगररचनेत आयुष्य गेलं. ट्रेसिंग क्लॉथवर रॉटरिंग पेनानं रेघा ओढण्यापासून संगणकापर्यंत, आराखड्याची पत्रकं, म्हणजे नकाशाचे भाग, रंगवणाऱ्यांतला मी. रहिवासाला पिवळा, बागेला हिरवा. साहेब लोक धोरण ठरवत, पण कुठल्या गटाच्या हद्दीवर रेघ अडखळली आणि बाजूनं गेली हे आरेखकाला पाठ असतं. म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, हरकती-सूचना म्हणजे मतदान नव्हे. कलम ३७ नीट वाचा. सूचना 'कोणत्याही व्यक्तीकडून' मागवायच्या आहेत, आणि फेरबदलानं जे बाधित होतात त्यांना वेगळी नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकायचं आहे. मग प्रस्ताव शासनाकडे जातो, मंजूर-नामंजूर तिकडे. यात कुठंही सह्या मोजा असं म्हटलेलं नाही. एकाच मजकुराचे हजार अर्ज आले की आमच्याकडे त्यांचा एक गट व्हायचा आणि टिप्पणीत एक ओळ पडायची: 'अशा आशयाचे इतके अर्ज प्राप्त.' उलट एखाद्यानं सर्व्हे नंबर, पत्रकाचा क्रमांक, मोजमाप घालून स्वतंत्र हरकत घेतली तर तिला स्वतंत्र उत्तर लिहावं लागायचं. साहेबांना तेच जड जायचं.

पण गठ्ठ्याला वजनच नसतं असंही समजू नका. ते वजन कायद्यात नसून राजकारणात असतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ ला प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. शेवटी काय झालं? २०१५ मध्ये शासनानं आराखडा पालिकेच्या हातातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईत त्याच २०१५ साली प्रारूप आराखड्यावर इतकं काहूर उठलं की तो दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला, मंजुरी २०१८ ची. तिथं चुकाही भयंकर होत्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, त्यामुळे लोक ओरडले ते बरंच झालं. म्हणजे गर्दी करून नकाशा थांबवता येतो. गर्दीनं नवा नकाशा काढलाय असं मात्र माझ्या पाहण्यात नाही. तो पुन्हा कार्यालयातच निघतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. 'बाधित' कोण? व्यवहारात ती नोटीस जमीनमालकाला जाते. ज्याला त्या जागेवर घर मिळणार होतं तो कागदोपत्री बाधित नसतोच, कारण त्याला अजून काही मिळालेलंच नाही. शाळेच्या आरक्षणाचं तेच, दवाखान्याचं तेच. आरक्षण असतं उद्या येणाऱ्यासाठी आणि हरकत घेतो आज असलेला. माझ्या नोकरीत शाळा, दवाखाने, घरं, मंडई यांची आरक्षणं बदलताना लोक आनंदानं सह्या करताना पाहिलेत. मंडई तर हमखास, कारण भाजी सगळ्यांना हवी पण टेंपो कोणाला नको.

म्हणून लोकांना विचारूच नका असं म्हणणाऱ्या आमच्या काही साहेबांच्या पंगतीत मी बसणार नाही. तुमच्याच २३ गावांचं उदाहरण घ्या. टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, ९७८ हेक्टरचं, ते टिकलं ते नागरिकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून. २०१५ ला शासनानं ते कायम केलं. कार्यालयावर सोडलं असतं तर टेकड्यांवर आज काय दिसलं असतं ते सांगायला नको. (त्या टेकड्यांवर ज्यांची गुंठा-दोन गुंठे जमीन अडकली आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क, पुढे आला, त्यांना विचाराल तर ते निराळंच सांगतील. तेही नागरिकच.)

आता तुमच्या जागेचं व्यावहारिक बोलतो. उद्यान असं लिहून आलं म्हणजे उद्यान झालं असं नाही. जागा संपादन करावी लागेल किंवा मालकानं टीडीआर घेऊन सोडावी लागेल. नाही झालं तर कलम १२७ आहेच: दहा वर्षं उलटली की मालक खरेदीची नोटीस देतो आणि २४ महिन्यांत पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मग ना बाग ना घरं, तिसरा टॉवर. तुमच्या महासंघाला ही शक्यता कोणी सांगितली आहे का?

स्पष्टवक्ता

तिसऱ्या टॉवरचं नव्हतं माहीत. कलम १२७ वर कोणी सविस्तर लिहील का? आमच्याकडेही एक शाळेचं आरक्षण असंच पडून आहे.

उरणकर

आरेखककाका, तुमचं सगळं पटलं, पण गरिबांचं भलं आम्हाला कळतं असं म्हणत काढलेला नकाशा कसा असतो ते आमच्याकडून ऐका.

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या सुमारास मुंबईच्या खाडीपलीकडे जुळं शहर करा असं मांडलं, म्हणजे आजची नवी मुंबई. विचार मोठा होता यात शंका नाही. मुंबईचा भार कमी होईल, जमीन सरकारच्या हातात राहील, तिच्या वाढत्या किमतीतून गरिबांची घरं उभी राहतील. १९७० ला हे शहर बांधायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ९५ गावांची जमीन संपादनात गेली. भातशेती, मिठागरं, बांध, सगळं. त्या ९५ गावांतल्या एकाला तरी विचारलं होतं का, तर नाही. वर्तमानपत्रात नकाशा आला तेव्हा माझ्या आज्याला आपली शेती 'नोड', म्हणजे नव्या शहराचा एक भाग, झाली हे दुसऱ्यानं वाचून सांगितलं.

१९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच पुढं साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. माणसं मेल्यावर ते सुचलं, आराखड्यात नव्हतं. गावठाणाबाहेर मुलांसाठी खोल्या काढल्या तर त्या अनधिकृत ठरल्या. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द आमच्याकडे लहान पोराला पण माहीत आहे, निवडणूक आली की नियमित करण्याचं आश्वासन ठरलेलं.

आणखी एक. शहर १९७० पासून बांधलं जातंय, महापालिका झाली १९९२ ला, पहिली निवडणूक १९९५ ला. पंचवीस वर्षं शहराला नगरसेवक नव्हता. रस्ते रुंद झाले, झाडं लागली, स्टेशनं देखणी झाली, ते मी नाकारत नाही. माझा भाऊ वाशीलाच राहतो आणि खूश आहे. पण गरिबांची घरं हा जो मूळ हेतू होता तो कुठं गेला बघा. बेलापूरला कोरियांनी स्वतः वाढवता येतील अशी छोटी घरं बांधली, अंगण आणि दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही. फार छान कल्पना. आज तिथं बहुतेक ठिकाणी पाडून बंगले झालेत आणि राहणारे कोण आहेत ते जाऊन पाहा.

तेव्हा चिटणीसबाई, बहुमताला डावलून वरून न्याय आणण्याचा मोह झाला तर आमची आठवण ठेवा.

श्प्रेकाठचा

विषय पुण्याचा आहे, पण इथं बर्लिनमध्ये हुबेहूब हाच वाद झालाय म्हणून लिहितो. मूळचा साताऱ्याचा, कामानिमित्त इथं.

शहराच्या मध्याजवळ टेंपलहोफ नावाचा जुना विमानतळ आहे. २००८ ला बंद झाला, २०१० ला लोकांसाठी उघडला. ३०० हेक्टरहून मोठं मोकळं मैदान, धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. सरकारनं कडेकडेनं सुमारे ४,७०० घरं बांधायचं ठरवलं, मधलं मैदान तसंच ठेवून. लोकांनी सार्वमत मागितलं. २५ मे २०१४ ला मतदान झालं आणि ६४ टक्क्यांहून जास्त लोकांनी एकही घर नको असा कौल दिला. कायदाच झाला तसा. सरकारवर लोकांचा विश्वास नव्हता हेही कारण होतं. स्वस्त घरं म्हणतील आणि महागडी बांधतील अशी भीती. ती भीती अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही.

मी आलो २०१९ ला. राहतो त्याच मैदानाला लागून, नॉयकोल्नमध्ये. घर शोधताना एकेका फ्लॅटच्या जिन्यावर रांगेत उभं राहायचो, हातात पगाराच्या पावत्यांची फाइल घेऊन. रविवारी त्याच मैदानात जातो आणि मनापासून आवडतं. २०१४ ला असतो तर काय मत दिलं असतं, कोण जाणे. तसा प्रश्नच नाही म्हणा, या सार्वमतात फक्त जर्मन नागरिकांना मत. आमच्या मजल्यावर तुर्की, सीरियन आणि मी, तिघांनाही नाही. आरेखककाका म्हणतात ते 'उद्या येणारे' म्हणजे आम्ही.

गंमत म्हणजे २०२१ मध्ये याच शहरानं दुसऱ्या सार्वमतात मोठ्या घरमालक कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्या म्हणून बहुमतानं कौल दिला. त्याची अंमलबजावणी मात्र लगेच झाली नाही, समित्या बसल्या. मैदानावर बांधू नका हा कौल मात्र लगेच लागू. काही न करण्याचा कौल सरकारला बरा पाळता येतो.

चिटणीसबाई

सगळ्यांचे आभार. उरणकर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही हे खरं सांगते.

काल मावशींना विचारलं. सरळ विचारलं, की मागच्या जागेवर तुमची घरं व्हायची होती, ती जाऊन बाग होतेय, तुम्हाला काय वाटतं. त्या पोळ्या लाटत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "ती घरं आमालाच देनार व्हते का? का दुसरीकडची मानसं आनून बसवनार?" मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाल्या, "आमालाच असतील तर सही करते. वस्तीतल्या सगळ्या बाया करतील. तिकडं लांब कुठं टाकलं तर तुमच्याकडं सकाळी सातला कोन येनार?" हा मुद्दा महासंघाच्या पायाभूत सुविधांच्या यादीत नव्हता.

आरेखककाका, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे का तुमच्याकडे? आणि दुसरं, वस्तीतल्या बायकांनी सह्या केल्या तर त्या धरतील का? घराचे कागद कोणाचेच धड नाहीत.

जुना आरेखक

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्यांच्या मनासारखं नाही. आरक्षण जागेला असतं, माणसाला नसतं. घरं कोणाला द्यायची हे पालिका नंतर ठरवते. रस्तारुंदीत दुसऱ्या टोकाला घरं गेलेल्यांना तिथं आणून बसवू शकते आणि तसं झालंही आहे. म्हणून पत्रात नुसतं 'आरक्षण कायम ठेवा' लिहू नका. ओढ्याकाठच्या पाहणीत नंबर पडलेल्या कुटुंबांचं पुनर्वसन याच जागेवर करावं, आणि उरलेल्या भागात सर्वांसाठी खुली बाग करावी, असं लिहा. जागेचं क्षेत्रफळ काढून किती घरं बसतात त्याचा साधा हिशेब जोडा. मी कागदावर करून देतो, सर्व्हे नंबर खासगी संदेशात कळवा. स्पष्टवक्ते म्हणतात ते दोन इमारतींमधलं अंतर, लिफ्टची देखभाल, तेही त्यात घाला. नाही तर पुन्हा तेच खुराडं उभं राहील.

सह्यांचं म्हणाल तर कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' आहे. घराचे कागद लागत नाहीत, मालकी लागत नाही. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगितलेलं एक तरी वाक्य वेगळं. दारावरच्या लाल नंबरचा फोटो जोडा. शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' हे लिहायला विसरू नका. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. बारनिशीतला, म्हणजे आवक नोंदवणारा, माणूस 'राहू द्या, मिळेल' म्हणाला तरी हलायचं नाही.

महासंघाचा गठ्ठा अडवू नका. तो सभासदांचा आहे, सचिव म्हणून पाठवा. तुमचा अर्ज स्वतःच्या नावानं, साध्या कागदावर, लेटरहेड न वापरता.

आणि एवढ्यासाठी नगरसेवकालाही भेटा. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं मुख्य सभेचे ठराव प्रशासकाच्या एकट्याच्या सहीनं झाले. 'मुख्य सभा ठराव' असं वर छापलेलं आणि खाली एकच सही, असे कागद तुम्हाला त्या काळातले शेकड्यानं सापडतील. तुमचा फेरबदल त्यातलाच आहे का ते नोटिशीतल्या ठराव क्रमांकावरून कळेल. असेल तर निवडून आलेल्या कोणीच तो पाहिलेला नाही, हे हरकतीत लिहिता येईल.

स्पष्टवक्ता

लिफ्टचं लिहिणार असाल तर बॅकअप आणि कॉमन मीटरचंही लिहा, जिन्यातल्या दिव्यांचं बिल कोण भरणार यावरून पहिल्या महिन्यातच भांडणं होतात. हवं तर मुद्दे मी लिहून देतो. मत माझं बदललेलं नाही, बागच बरी. पण बांधणार असाल तर नीट बांधा.

चिटणीसबाई

पाठवा मुद्दे, घालते.

ठराव क्रमांक पाहिला. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, प्रशासकाच्या काळातलाच आहे.

महासंघाचा गठ्ठा काल क्षेत्रीय कार्यालयात दिला, पोच आणली. माझा वेगळा अर्ज आणि वस्तीतल्या बायकांचे अर्ज गुरुवारी देणार. मावशींच्या सुनेनं सगळ्यांचे लिहून घेतले, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. ही बातमी आमच्या ग्रुपवर पोचायला अर्थातच वेळ लागला नाही. रविवारी बैठक आहे. विषयपत्रिका आली: विषय एक, सचिवांचा खुलासा. विषय दोन, पार्किंगमधील क्रिकेट बंद करणे.